दोन अर्धे सिनेमे आणि एक कवळी

माणसाला ‘तोंड मिटा’ असं सांगितलं की त्याला तोंड मिटता येत नाही. एरवी दिवसातून हजार वेळा आपणहून मिटणारा जबडा हुकूम मिळाला की पुढे सरकतो, बाजूला जातो, फोटोसाठी उभ्या केलेल्या नवऱ्यामुलासारखा अवघडतो. कवळ्या करणाऱ्याची सगळी रोजीरोटी मात्र त्या मिटण्यावर असते. वरचा आणि खालचा जबडा जिथे आपणहून भेटतात ती जागा सापडली तर कवळी बसते. नाही सापडली तर ती बोलताना टकटक वाजते, हिरड्या सोलते, आणि शेवटी रुमालात गुंडाळून खिशात राहते. घरचे विचारतात, “अहो, घाला की ती.” आणि म्हातारा म्हणतो, “बाहेर जाताना घालतो.” म्हणजे हत्तीचाच न्याय, दात फक्त दाखवायचे.

तो चौतीस वर्षं कवळ्या करत होता. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्याची खोली. एक गॅसची शेगडी, प्लास्टरची पोती, मेण कापायच्या सुऱ्या, आणि भिंतीवरच्या कपाटात पांढऱ्या रंगाच्या सोळा छटांचे दात. छटा सोळा असल्या तरी गिऱ्हाइकं मागतात ती एकच, पहिली. ती कुणालाच शोभत नाही.

जबड्याची जागा शोधायची युक्ती त्याला अपघाताने सापडली. एक निवृत्त गोदामप्रमुख खुर्चीवर बसले होते. तोंडात मेणाच्या दोन पट्ट्या, वर एक, खाली एक. अर्धा तास झाला तरी जबडा काही जाग्यावर येईना. कंटाळून याने सहज विचारलं, “काल कुठे गेला होतात?” ते म्हणाले, “सिनेमाला. गेलो नसतो तर बरं झालं असतं.” आणि मग त्या सिनेमाची नायकापासून छत्री धरणाऱ्यापर्यंत सालं काढून झाल्यावर म्हणाले, “जाऊ दे. बोलण्यात अर्थ नाही.” आणि तोंड मिटलं. ठक्क. मेणावर मेण असं बसलं की याने पुढे होऊन तापलेल्या सुरीने दोन खुणा मारल्या. ती कवळी गोदामप्रमुखांना शेवटपर्यंत पुरली.

तेव्हापासून तो खुर्चीतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी : “शेवटचा कोणता सिनेमा आवडला नाही?” आवडलेला विचारून उपयोग नसतो. कौतुक करणाऱ्याचं तोंड अर्धवट उघडं राहतं. नावं ठेवणाऱ्याचं मात्र मत संपलं की मिटतं, आणि बरोबर जागी मिटतं. माणूस नावं ठेवतानाच सर्वात नैसर्गिक असतो, हे त्याने कुठे वाचलं नव्हतं. हजारएक जबड्यांवरून काढलं होतं.

या धंद्यापायी त्याला सिनेमे पाहावे लागत, कारण समोरचा नावं ठेवायला लागला की त्याला हातभार लावावा लागतो. शौकीन वगैरे तो नव्हता. दिग्दर्शकांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत. मतं मात्र तयार होती आणि ती सर्व प्रकारांना पुरत. प्रेमपट : दोघांनी पहिल्याच भेटीत एकमेकांचा फोन नंबर नीट लिहून घेतला असता तर पाऊण तासात आटपलं असतं. रहस्यपट : ज्या नटाला पैसे भरपूर आणि काम थोडं, तो खुनी. अंतराळपट : कोट्यवधी मैलांवरून माणसांना एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, आणि आपल्याला वरच्या मजल्यावरून बायकोने काय सांगितलं ते येत नाही. ऐतिहासिक : तीनशे वर्षांपूर्वीच्या भिकाऱ्याचे दात त्याच्या कपाटातल्या पहिल्या छटेपेक्षा पांढरे. भुताचे सिनेमे त्याला बघवत नसत. भीतीमुळे नव्हे. “एवढे सुळे बसवल्यावर त्या बाईला तोंड मिटता येईल का? तिला जेवता येत नाही म्हणून ती चिडलेली आहे. भूतबीत काही नाही.”

हे शेवटचं मत त्याचं नव्हतं. ते अक्काचं होतं, आणि त्याने ते बिनधास्त ढापलं होतं.

अक्का त्याची मोठी बहीण, आठ वर्षांनी मोठी. कोर्टात टंकलेखिका होती. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांनी दिलेले निकाल टाइप केले. निवृत्त झाल्यावर स्वतःचे द्यायला लागली. दर शनिवारी तीनच्या खेळाला बहीणभाऊ जात. चार पडद्यांचं एक थिएटर होतं, तिथे. खेळ संपला की बाहेरच्या बाकावर बसून अक्का तिकीट उलटं करायची आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने एक ओळ लिहायची. ‘नायक निर्दोष, पटकथा दोषी.’ ‘पुराव्याअभावी प्रेम अमान्य.’ एका विनोदी सिनेमावर तिने लिहिलं होतं, ‘एकदा हसले. मागची खुर्ची मोडली तेव्हा.’ विनोदी सिनेमा ती मयताला बसल्यासारखी पाही आणि भुताच्या सिनेमात खुदखुदे. अशी तिकिटं तिच्याकडे बिस्किटांचा डबा भरून होती.

मेहुणे पाच वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून अक्का दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत एकटी राहत होती आणि तिला ते फार आवडत होतं. तिचा मुलगा दूरच्या शहरात. तो दर रविवारी सकाळी आधी आईला आणि मग मामाला फोन करी. बाप गेला त्या आठवड्यातच त्याने मामाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “मामा, माझ्या घरी तिची खोली तयार आहे. पण ती सुखाने राहतेय तोवर मी विषय काढणार नाही. तू तिला दर आठवड्याला बघतोस. तुला काही वाटलं तर मला सांग. तू सांगितलंस की मी येऊन तिला घेऊन जाईन.”

मामाने मान डोलावली होती. मान डोलावताना माणसाला वाटतं की हे काम फार लांबचं आहे.

झालं असं की अक्काची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. याने सांधली असती, पण बारा वर्षांत जबडाही बदलला होता. म्हणाला, “नवीनच करू.” ठसे घेतले, प्लास्टर ओतलं, मेणाच्या पट्ट्या केल्या. मग अक्का खुर्चीवर बसली. याने हसत हसत विचारलं, “बोला टायपिस्टबाई. शेवटचा कोणता आवडला नाही?”

“तसं काही नाही,” अक्का म्हणाली.

“परवाचा? तो बोटीवरचा?”

“चांगला होता.”

तो थांबला. बोटीवरचा सिनेमा इतका टुकार होता की खेळ संपताना लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. “अगं, ती बोट चार वेळा बुडली!”

“हो ना,” अक्का म्हणाली. “छान दाखवलं.” आणि तोंड मिटलं, पाहुण्यांसमोर मिटतात तसं. जबडा पुढे आला. याने तरी तिथेच खुणा मारल्या.

कवळी झाली. घातल्याबरोबर टकटक वाजायला लागली. त्याने घासून पाहिली. वाजतच राहिली. दुसरी केली. दुसऱ्या वेळीही अक्काने एका खूनपटाला “चांगला होता” म्हटलं आणि दुसरी कवळी डाव्या बाजूने उचलायला लागली. मग त्याने मेण बदललं. मेण जुनं असेल. प्लास्टरची नवीन पिशवी फोडली. प्लास्टरला दमट हवा लागली असेल. चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तिसरी कवळी केली, आणि ती पहिलीपेक्षा जोरात वाजली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्याच्या निम्म्या वयाच्या होत्या आणि त्याला मास्तर म्हणत. त्या म्हणाल्या, “मास्तर, हात थरथरतोय का? एकदा दाखवून घ्या.” तर तो खरोखर जाऊन हात दाखवून आला. हात ठणठणीत निघाला. त्याला फार वाईट वाटलं.

घरी टेबलावर तिन्ही कवळ्या ओळीने मांडून तो बसला होता. तीन म्हाताऱ्या बायका एकाच वेळी हसताहेत असं दिसत होतं. त्याची बायको भाजी निवडत होती. तिला सिनेमाचं वेड नव्हतं. ती म्हणायची, तीन तास अंधारात बसायचं तर मी झोपेन, तिकीट कशाला?

“कवळीत काही नाही,” ती म्हणाली.

“तुला काय कळतं कवळीतलं?”

“कवळीतलं नाही कळत. वन्सं मागच्या महिन्यात आल्या होत्या. गॅसवर दूध ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसल्या. मी म्हटलं दूध? तर म्हणाल्या, कोणाचं?”

“माझंही जातं उतू.”

“तुमचं जातं. वन्संचं कधी जात नव्हतं.” तिने एक देठ मोडला. “आणि तुम्हाला तीन कवळ्या केल्यावर हात दाखवावासा वाटला. बहीण नाही.”

“तू आता डॉक्टर होऊ नकोस.”

“नाही होत. तुम्ही चौथी करा.”

त्याने कवळ्या उचलून डब्यात भरल्या. बायको म्हणाली ते त्याला कळलं नव्हतं असं नाही. पण कवळी तासता येते. तिच्यापलीकडचं काही तासता येत नाही. आणि एक वाक्य भाच्याला सांगितलं की दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, तो डबा आणि शनिवार, तिन्ही एकदम संपणार होती. म्हणून तो रविवारी फोनवर म्हणत असे, “मजेत आहे. कवळीचा जरा घोळ आहे. माझाच.”

सिनेमाचं अंधारं घर यात त्याच्या मदतीला होतं. अक्का हल्ली अधूनमधून कानाशी येऊन विचारी, “हा कोण?” पण थिएटरात ‘हा कोण’ विचारणाऱ्याला कोणी आजारी समजत नाही. निम्मं थिएटर तेच विचारत असतं.

त्या शनिवारी दोन नंबरच्या पडद्यावर विनोदी सिनेमा होता. एक मोठं कुटुंब, एक लग्न, हरवलेला सूट. सहावी रांग, सात आणि आठ नंबर. तासाभराने अक्का म्हणाली, “जाऊन येते.” तो म्हणाला, “येऊ का?” ती म्हणाली, “बायकांच्या संडासात? ये की. सिनेमापेक्षा बरं होईल.” हे इतकं जुन्या अक्कासारखं होतं की तो खुशीत पाय पसरून बसला.

दहा मिनिटं झाली. बायकांकडे रांग असते. पंधरा झाली. पडद्यावर सूट सापडला आणि लोक खो खो हसले. वीस झाली तेव्हा तो उठला. बाहेर बॅटरीवाली मुलगी खुर्चीवर बसून नखं पाहत होती. तिने आत जाऊन बघितलं आणि परत आली. “काका, आत कोणीच नाही.”

“पांढरे केस. निळा स्वेटर.”

“खाली गेल्या असतील.”

तो खाली गेला. जिन्यात नव्हती, खाण्याच्या दुकानापाशी नव्हती, रस्त्यावर नव्हती. रस्त्यावर गाड्या जात होत्या, आणि त्या किती जोरात जातात हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. परत वर आला. चारही दारं ओळीने, एकाच रंगाची, एकाच आकाराची, वर अंगठ्याएवढा आकडा. एक नंबरच्या दारातून गाणं ऐकू येत होतं. तीन नंबरमधून तोफा. त्याने तीनचं दार ढकललं.

युद्धपट होता. पडद्यावर बॉम्ब फुटला आणि त्या उजेडात सहाव्या रांगेतलं पांढरं डोकं दिसलं. सातवी खुर्ची. रांग बरोबर होती, खुर्ची बरोबर होती. तिने तिकिटावरचं सगळं पाळलं होतं, पडदा सोडून.

तो जाऊन शेजारी बसला. त्याला धाप लागली होती. अक्काने पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, “होतास कुठे? महत्त्वाचं सगळं चुकवलंस.”

दोघांनी युद्ध शेवटपर्यंत पाहिलं. जवळजवळ सगळे मेले.

बाहेर बाकावर बसल्यावर अक्काने पर्स उघडली, पेन काढलं, आणि किती तरी महिन्यांनी तिच्या आवाजात ती धार आली. “छोट्या, असला भोंगळ माणूस मी पाहिला नाही. दिग्दर्शक रे. आधी तासभर लग्न लावतो. सूट शोधतो. सगळे दात काढून हसताहेत. आणि मग एकदम सगळ्यांना खंदकात घालून मारतो! त्या नवरीचं काय झालं? तिच्या बापाने एवढा हॉल घेतला होता, त्याचं काय? एकाने तरी विचारलं का? ज्या माणसाला हसवायचंय की मारायचंय हे ठरवता येत नाही, त्याला कॅमेरा देतं कोण?”

तो हसला. त्याला राहवलंच नाही. इतकं बिनतोड मत त्याने चौतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, अक्का परत आली. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि त्याला ते कुठे ठेवावं कळेना.

अक्काने लिहायला तिकीट उलटं केलं. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा सुलटं केलं. वाचलं. मान वर करून ज्या दारातून आली होती त्याच्यावरचा आकडा पाहिला. पुन्हा तिकीट पाहिलं. एकतीस वर्षं निकालपत्रांतल्या चुका शोधलेली बाई ती. तिने पेनला टोपण लावलं, तिकिटाची बारीक घडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली. त्या तिकिटावर काही लिहिलं नाही.

“चल, चहा घेऊ,” ती म्हणाली.

चहा पिताना दोघंही हवेबद्दल बोलले. हवेत विशेष काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, “मजेत आहे.” बायकोने स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात ठेवलं.

सोमवारी अक्का आपणहून दवाखान्यात आली. चौथ्यांदा खुर्चीवर बसली, तोंड उघडलं, मेणाच्या पट्ट्या बसवून घेतल्या. तो सुरी तापवत राहिला. सुरी केव्हाच तापली होती.

“विचार की,” अक्का म्हणाली. पट्ट्यांमुळे शब्द जाडे येत होते. “नेहमीचं विचार.”

“राहू दे. अशीच मीट.”

“अशी मिटून तीन फुकट गेल्या. विचार.”

त्याने शेगडीकडे बघत विचारलं, “शनिवारचा सिनेमा कसा होता, अक्का?”

“भिकार!” अक्का म्हणाली. “चार दारं करतात, चारही सारखी. आकडा मुंगीने लिहिल्यासारखा. बाहेर आलं की आत कुठून गेलो ते कळू नये अशीच व्यवस्था. आणि आत बसलं की सगळी तोंडं सारखी. हा कोण, तो कोण, हा मघाशी होता का? सगळे हसले की हसायचं. संपलं की कोणी विचारलं तर म्हणायचं चांगला होता. वर्षभर म्हणतेय मी, चांगला होता, चांगला होता. तू एकदा तरी म्हणालास, अक्का खोटं बोलतेस? कवळ्या करत बसलास मेल्या! एकामागून एक!” तिचा श्वास वर आला होता. “जाऊ दे. आता नाही बोलायचं मला त्यावर.”

आणि तोंड मिटलं. ठक्क.

मेणावर मेण बसलं. इतकी अचूक जागा त्याने आयुष्यात पाचसहा वेळाच पाहिली असेल. हात त्याचा आपोआप पुढे गेला, आणि त्याने सुरीने दोन खुणा मारल्या. खुणा सरळ आल्या. त्याला त्या किंचित वाकड्या आल्या असत्या तर हव्या होत्या.

पट्ट्या काढल्यावर अक्काने चूळ भरली आणि रुमालाने ओठ टिपले. “सांगितलंस त्याला?”

“कोणाला?”

“माझ्या मुलाला, छोट्या. तुमचं काय ठरलंय ते मला ठाऊक आहे.”

“नाही सांगितलं.”

“सांग.” ती पायात चपला शोधत होती. त्याने वाकून त्या पुढे केल्या. “पण आधी ही बसू दे. नवीन गावात मी बिनदाताची जाणार नाही. सून म्हणेल, दातसुद्धा तिकडेच विसरल्या.”

त्याला वाटलं आपण हसावं. ती अपेक्षेने पाहतही होती. पण तो प्लास्टर कालवायला लागला.

चौथी कवळी करायला चार दिवस लागतात. त्याने मनात आणलं असतं तर चार आठवडे लावता आले असते. दवाखान्यात कोणी विचारलं नसतं, तीन फुकट गेल्याच होत्या. बुधवारी त्याने दात मेणात लावले. गुरुवारी संध्याकाळी हिरड्यांचा गुलाबी मसाला साच्यात भरून भांडं पाण्यात उकळायला ठेवलं आणि शेजारी स्टूल घेऊन बसला. ज्याला चौतीस वर्षं कवळी बसावी एवढीच इच्छा होती, तो माणूस ती बसू नये म्हणून भांड्याकडे बघत होता. तरी एकदाही त्याने आच कमीजास्त केली नाही.

शुक्रवारी कवळी बसली. अक्का तोंड उघडून मिटून पाहत होती. आवाज नाही. तिने कडक बिस्कीट चावलं. आवाज नाही. आरशात पाहून ती म्हणाली, “पहिली छटा दिली नाहीस ना?”

“पाचवी.”

“शहाणा आहेस,” अक्का म्हणाली.

शनिवारी दोघं सिनेमाला गेले नाहीत. अक्काने डब्यातली तिकिटं काढली आणि दोघं ती वाचत बसले. कित्येक सिनेमे त्यालाही आठवत नव्हते. तिला तर नव्हतेच. निकाल मात्र वाचताना दोघांनाही पटत होते.

रविवारी सकाळी फोन वाजला. बायको येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली, निवडायला काही न घेता.

“काय मामा, कवळीचं काय झालं?”

“बसली.”

“वा! म्हणजे आता आई सगळ्यांना चावायला मोकळी.”

“अरे, एक सांगायचं होतं.” दोन दिवस वाक्य जुळवलं होतं, ते ऐन वेळी सापडेना. मग त्याने हाताशी होतं तिथून सुरुवात केली. “आम्ही गेल्या शनिवारी सिनेमाला गेलो होतो. तुझी आई म्हणाली, आधी तासभर लग्न लावतो, आणि मग सगळ्यांना खंदकात घालून मारतो. म्हणाली, नवरीच्या बापाने एवढा हॉल घेतला होता, त्याचं काय?”

पलीकडे भाचा मोठ्याने हसला. बराच वेळ हसला. त्याची बायको लांबून विचारत होती काय झालं, काय झालं, आणि तो तिला सांगत होता. मग फोनवर परत आला. “आई म्हणजे आईच. जरासुद्धा बदलली नाही बघ! कोणता रे सिनेमा? आम्हीही बघतो.”

मामाने तोंड मिटलं. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“अरे,” तो म्हणाला, “ते दोन सिनेमे होते.”